गिल्बर्तोची होडी फळ्यावर

न्यू बेडफर्ड, सोमवार
(सूप चुलीवर आहे, मधेच उठावं लागेल, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. उठले नाही तरी वाकडंच येतं.)

तीर्थस्वरूप हर्मिनियाताईस,

धाकट्या देओलिंदाचा नमस्कार. गुडघे टेकून मोठ्या बहिणीचा आशीर्वाद मागायची आपली रीत मी विसरलेले नाही, पण हल्ली मी गुडघे टेकले की मला उठवायला शेजारीण बोलवावी लागते आणि ती नंतर गावभर सांगते, म्हणून खुर्चीत बसूनच मागते. दे. टोरांटोत थंडी सुरू झाली का? कंबर कशी आहे? कॅनरीला पिसं आली का परत, की अजून सोललेल्या कोंबडीसारखीच दिसते? आणि कानातलं मशीन नीट चालतं ना? माझा फोन आला की त्यातली बॅटरी संपते आणि ठेवला की भरते, असं मशीन मी दुसरं पाहिलं नाही. इकडे सगळं क्षेम. दात सोडून.

पत्र जरा लांबेल. गेल्या शुक्रवारी, बोस्टनमधल्या एका मोठ्या शाळेत, नव्वद शिकलेल्या लोकांसमोर मी तुझ्या गिल्बर्तोचं (देव त्याला शांती देवो) नाव काढलं. नुसतं काढलं नाही, त्याची होडी फळ्यावर चढली, माझ्या हाताएवढ्या अक्षरांत. हे तुला कोणा तिऱ्हाइताकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. एक विनंती, सुरुवातीलाच चिडू नकोस. पुढे आणखी जागा आहेत, शेवटी एकदमच चिड, म्हणजे दमणार नाहीस.

आपली ओदिलिया तुला आठवतच असेल. माझ्या लेकीची लेक, जिनं सहा वर्षांची असताना भर प्रार्थनेत फादर बेर्नार्दिनोंना थांबवून सांगितलं होतं की तुम्ही एक ओळ गाळलीत. ती आता व्यापाराच्या शाळेत आहे. व्यापार करायला शाळा लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी जन्मात एकदाच व्यापार केला, चर्चच्या जत्रेत गोड पाव विकायला बसले, आणि दुपारपर्यंत अर्धे मीच खाल्ले, तेव्हा या विषयात माझं मत धरू नकोस. तर त्या शाळेत अशी तऱ्हा आहे की निम्मे गुण परीक्षेत लिहिल्याचे आणि निम्मे वर्गात तोंड उघडल्याचे. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, उगाच मी कोटांच्या मिलमध्ये बाह्या शिवत आयुष्य काढलं, इथे आले असते तर पहिली आले असते. (चौथी नापास हे त्यांना सांगितलं नसतं.)

आणि ऐक गंमत, तोंड उघडायच्या त्या शाळेत आपली ओदिलिया मुकी झाली. सप्टेंबरपासून एक शब्द नाही. शाळेनं तिला बोलावून नीट सांगितलं की असंच चाललं तर नाताळापर्यंत तू या विषयात तळाच्या ढिगात जाशील, एका विषयात आधीच गेली आहेस, आणि दोन ढिगांत सापडलेल्याला आम्ही घरी पाठवतो. वर्षभर. मग बघू म्हणाले. घरी म्हणजे कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या समोरच्या खुर्चीत, तोंड पाडून. मला सूतक चालतं पण वर्षभराचं नाही. ऑक्टोबरात ती आली होती तेव्हा मी तिला वाटाणे सोलायला बसवलं आणि विचारलं, "तुला बोलायला काय होतं गं? घरी तर भिंतींनाही उत्तर देतेस."

"आजी, तिथे सगळे इतकं छान बोलतात. मी मनात वाक्य नीट जुळवते, आणि जुळवून होईतो विषय पुढे गेलेला असतो."

"मग न जुळवता बोल. मी कधी जुळवलंय?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि वाटाणे सोलत बसली.

त्यानंतर कळलं की त्या शाळेत एका शुक्रवारी घरच्या माणसांना वर्गात बसू देतात. मला कोणी बोलावलं नव्हतं. (बोलावण्याची वाट पाहिली असती तर मी अजून तेर्सेइरा बेटावर बकऱ्या वळत असते.) मी पहाटे उठून मालासादा, आपले ते पिठाचे गोड गोळे, तळल्या, गरम असतानाच साखरेत घोळवून कागदी पिशवीत भरल्या, मिलमधला तो काळा कोट घातला, ज्याची डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे कारण दोन्ही मीच शिवल्यात, डोक्याला काळा रुमाल बांधला, आणि बस पकडली. ओदिलियानं मला फाटकात पाहिलं तेव्हा तिचा चेहरा, ताई, तू लग्नात गिल्बर्तोच्या आईला पाहिलंस तेव्हा झाला होता तसा झाला.

"आजी, नुसतं बसायचं," ती म्हणाली. "काही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू? मी काय इथे बोलायला आलेय?"

खोली पाहून मी म्हटलं, हे तर आपल्या बेटावरच्या बैलांच्या खेळासारखं आहे. मधे खड्डा, त्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात चढत गेलेल्या बाकांच्या रांगा, प्रत्येकासमोर त्याच्या नावाची पाटी, आणि आम्ही पाहुणे सगळ्यात वर. फरक एवढाच की आपल्याकडे बैल कोण ते आधी ठाऊक असतं. इथे मास्तर आत येतो, सगळ्यांवर नजर फिरवतो, आणि एकाचं नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं तो त्या दिवसाचा बैल. रात्रभर वाचून आला असेल तर वाचतो. मास्तरचं नाव प्रोफेसर हॅस्केल. बुटका माणूस, पायात कापडी बूट, पँटीला खडूची पावडर, चालतो मांजरासारखा. हातात पुस्तक नाही, कागद नाही. मला वाटलं घरी विसरला. दया आली.

सुरुवातीला ज्यांनी ज्यांनी पाहुणे आणले त्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या असं असतं. ओदिलिया उठली, म्हणाली, "ही माझी आजी," आणि बसली. त्या वर्गातले तिचे हे पहिले शब्द, आणि त्यांना गुण नाहीत. मी मात्र टाळ्या आहेत म्हणून हात हलवला, जरा जास्त वेळ हलवला, तोवर पुढच्या पाहुण्याची ओळख होऊन गेली होती.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. विणलेला स्वेटर, समंजस चेहरा, मेन राज्यातून आलोय म्हणाले. त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली, मी त्यांना मालासादा दिली, त्यांनी दुसरी मागून घेतली, झाली ओळख. "तुमचं कोण आहे वर्गात?" मी विचारलं. "तसं कोणी नाही," ते म्हणाले. मला वाटलं बिचारा एकटा आहे, कुठे बसायला मिळेल तिथे बसतो. म्हणून मी त्यांना ओदिलियाचं सगळं सांगितलं, ढिगांसकट.

या शाळेत धड्यांऐवजी खऱ्या माणसांच्या अडचणी छापून वाचायला देतात, हे मला आता ठाऊक आहे. शुक्रवारी नव्हतं. म्हणून हॅस्केलनं सुरुवात केली तेव्हा मला वाटलं हा आपल्या ओळखीच्या कोणाचं दुखणं सांगतोय. म्हणाला, मेनमध्ये वॉल्टर नावाचा माणूस आहे, बर्फ उपसायची फावडी बनवण्याचा बापाच्या वेळचा कारखाना. बर्फ पूर्वीसारखा पडत नाही. बहिणीचा नवरा रसेल कारखान्यातच आहे, तो म्हणतो आपण समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्च्या बनवू. थोड्या बनवल्या, पडून राहिल्या. बहीण रडते, कामगार कुजबुजतात, आणि वॉल्टर ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून विचार करतोय. मला वाईट वाटलं. असल्या घरच्या गोष्टी परक्या नव्वद लोकांत कशाला काढायच्या, असंही वाटलं. पण ऐकत होते, कारण मेव्हणा आला म्हणजे पुढे काय येणार हे मला पाठ आहे.

आणि मग हॅस्केल मांजराच्या पावलांनी चालत मधे आला आणि म्हणाला, "ओदिलिया, आज तुझ्यापासून सुरुवात करू. तू वॉल्टर आहेस. रसेलचं काय करशील?"

ताई, शांतता झाली. मिलमध्ये एकदा वीज गेली होती आणि सगळी मशिनं एकदम थांबली होती, तेव्हा अशी शांतता मी ऐकली होती. मला वरून पोरीची मान दिसत होती. मान जुळवत होती. वाक्याचा पहिला शब्द लागला असेल, दुसरा शोधत असेल, आणि हॅस्केल नुसता उभा, हसून, घाई नसल्यासारखा. बाकीच्यांचे हात वर जायला लागले. (मिलमध्ये हात वर केला म्हणजे सुई बोटात गेली असं समजत. इथे वीस-पंचवीस जणांच्या एकदम गेल्या.) मला दिसलं, ही आता ढिगात चालली. आणि मी कुजबुजले.

माझी कुजबुज तुला ठाऊक आहे. आईच्या अंत्यविधीला मी तुझ्या टोपीबद्दल कुजबुजले ते शवपेटी उचलणाऱ्यांनीही ऐकलं होतं. त्यात ती खोली अशी बांधलीय की वर बोललेलं थेट खड्ड्यात उतरतं. मी म्हटलं एवढंच, "बोल ना गं बाई, हाकलून दे म्हणावं मेल्याला."

हॅस्केलनं वर पाहिलं. नव्वद माना वळल्या. ओदिलियाची नाही. तिनं डोकं बाकावर टेकवलं.

"वरच्या रांगेतून एक मत आलंय," तो म्हणाला. "बाई, आपण?"

"मी पाहुणी आहे," मी म्हटलं. "आजी. मघाशी टाळ्या झाल्या ती."

"पाहुण्यांना इथे बोलायची सक्ती नाही. पण बोललं की कारण द्यावं लागतं, ते मात्र सगळ्यांना लागू आहे. का हाकलायचं?"

मी उभी राहिले. तिथे कोणी उभं राहत नाही, पण मला शाळेत गेल्याला साठाच्या वर वर्षं झाली, आणि त्या वेळी बसून उत्तर दिलं की छडी मिळायची. मांडीवरची साखर सगळी पुढच्या रांगेतल्या मुलाच्या कॉलरवर सांडली. मी म्हटलं, "का म्हणजे? तो मेव्हणा आहे."

वर्ग हसला. मला वाटलं पटलं.

"एवढंच कारण?"

"एवढं पुरत नाही? तुम्हाला मेव्हणा आहे का?"

"दोन आहेत."

"मग मला कशाला विचारता?"

आणखी हसले. आता मला चढली. गावच्या लग्नात दुसऱ्या पेल्यानंतर बायका गातात, तसं झालं माझं. हॅस्केल म्हणाला, "पुरावा काय?" आणि मी, ताई, मागचा पुढचा विचार न करता तुझा गिल्बर्तो काढला. म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, स्वभावानं देवमाणूस, दिसायलाही बरा (हे तुझ्यासाठी घातलं), त्यानं माझ्या नवऱ्याला, सेराफिमला, गळ घातली की आपण तळाला काच असलेली होडी घेऊ आणि पाहुण्यांना न्यू बेडफर्डच्या बंदरातले मासे दाखवू. सेराफिमनं नवी गाडी घ्यायची राहू दिली आणि ती होडी घेतली. आणि बंदरात काय दिसायचं? चिखल. कधी चिखल, कधी टायर. एकदा कोणाची तरी कवळी दिसली, त्या दिवशी गर्दी झाली होती. मासे बघायला येणाऱ्यांना धक्क्यावर बर्फातले फुकट दिसत होते. म्हणून म्हणते, मेव्हण्याच्या डोक्यातली कल्पना म्हणजे काचेच्या तळाची होडी, वरून छान, खाली चिखल.

हॅस्केलनं खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: काचेची होडी. खाली रेघ ओढली. ताई, माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं, एकदा पोलिसांनी घेतलं तेवढंच, शेजारणीच्या कुत्र्याच्या वेळी. मी शेजारच्या स्वेटरवाल्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "यांना विचारा. किती समंजस माणूस आहे. सांगा हो तुम्ही, मेव्हणा धंद्यात असावा का?" त्यांना पेपरमिंटचा ठसका लागला. मी पाठ थोपटली.

तिथे बसले असते तर हे पत्र आखूड झालं असतं. पण हॅस्केल थांबत नाही. तो हसत हसत एकेक पाऊल पुढे येतो आणि प्रत्येक पावलाला एक प्रश्न.

"म्हणजे वॉल्टरनं नवीन काही करू नये?"

"करावं की. नवीन फावडी करावीत."

"बर्फ कमी पडतोय."

"पडेल."

"आणि नाही पडला तर?"

मी तोंड उघडलं. ताई, आत काही नव्हतं. माझ्या तोंडात काही नाही असं बाळंतपणातही झालं नव्हतं. नव्वद लोक बघताहेत, हातात पिशवी, पिशवीतून तेल गळतंय. मी वाक्य जुळवायला गेले. पहिला शब्द लागला, दुसरा लागेना. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं पोरीच्या मानेत काय चाललं होतं ते. शेवटी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "मग... प्रार्थना करावी."

त्यानं तेही लिहिलं. काचेच्या होडीखाली. प्रार्थना.

मी बसायला गेले तर त्या खुर्चीचा पाट उठल्यावर आपोआप वर जातो, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी दंडाला धरलं म्हणून वाचले. आणि सावरून खाली बघते तो खालून तिसऱ्या रांगेत एक हात वर. मला क्षणभर वाटलं, हिच्या बोटाला काय झालं? तो ओदिलियाचा होता.

"आजीचं चुकतंय," ती म्हणाली. आणि मग, "नेहमीसारखं."

हॅस्केलनं खडू खाली ठेवला.

"होडीत काही चूक नव्हती," पोरगी म्हणाली. न जुळवता म्हणाली, स्वयंपाकघरात म्हणते त्याच आवाजात, एक हात कमरेवर. "गिल्बर्तोआजोबांची होडी गळत नव्हती, बुडाली नाही, काच रोज पुसायचे. घाण होतं ते पाणी. आजी पाण्याकडे बघतच नाही, ती माणसाकडे बघते, आणि माणूस मेव्हणा निघाला की तिचा निकाल ठरला. इथेही तेच. रसेल वाईट की चांगला, हा प्रश्नच नाही. खुर्च्या कुठल्या पाण्यात सोडल्या ते बघा. शेवटच्या पानावर आहे. किनाऱ्यावरच्या दुकानांनी खुर्च्या मागितल्या होत्या, आणि वॉल्टरनं त्या पाठवल्या कुठे, तर फावडी विकणाऱ्या त्याच जुन्या दुकानांत. डोंगरात. जानेवारीत."

"म्हणजे बंदरात," हॅस्केल म्हणाला.

"बंदरातच. आणि वर म्हणतो मासे दिसत नाहीत."

"पण सेराफिमची गाडी गेली ना त्यात," मी वरून म्हटलं.

"आजी, बोलायचं असेल तर हात वर कर."

ताई, मी केला. हॅस्केलनं मला परत विचारलं नाही.

पुढे तासभर नुसता गोंधळ. बराचसा वर्ग पोरीच्या बाजूनं, थोडे विरुद्ध, आणि जो तो म्हणे, "ओदिलियाच्या बंदराबद्दल मला असं वाटतं." ती मधे मधे उत्तरं देत होती. माझ्या बाजूनं एकच मुलगा बोलला, ज्याच्या कॉलरवर साखर होती तो, आणि तोही म्हणाला की प्रार्थनेचं सोडून बाकीचं विचार करण्यासारखं आहे.

आता शेवटची जागा, इथे चिडलीस तरी चालेल, पण बहुधा हसशील. तास संपता संपता हॅस्केल म्हणाला की ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय त्यांच्यापैकी एकजण आज आपल्यात बसले आहेत. या शाळेत तशी चाल आहे. माणसाला मागे गुपचूप बसवून त्याच्याबद्दल तासभर बोलायचं आणि मग त्याला पुढे बोलवायचं. (आपल्या गावात मागचं मागेच राहायचं, म्हणून गाव टिकलं.) "रसेल, जरा पुढे येता?" आणि माझ्या शेजारचे स्वेटरवाले गृहस्थ उठले. खांद्यावर माझ्या हाताचा तेलकट ठसा, मिशीला माझी साखर.

खाली जाऊन ते म्हणाले, "मला वॉल्टरनं हाकललं. या बाई म्हणतात तसंच, शब्दही जवळजवळ तेच. पुढचे दोन हिवाळे बर्फ पडला नाही. प्रार्थनेचं मला माहीत नाही, वॉल्टर चर्चला जायला लागला होता एवढं खरं. मग त्यानं मला परत बोलावलं. आता आम्ही खुर्च्या किनाऱ्यावर विकतो, त्या मुलीनं सांगितलं तिथेच. फावडीही विकतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मात्र अजून वेगळे जेवतो." म्हणजे बघ, हाकलण्यापर्यंत मी बरोबर होते. हे मी हात वर करून सांगणार होते, पण टाळ्या सुरू झाल्या. या वेळी मी हात हलवला नाही.

बाहेर मी रसेलची माफी मागितली, त्यांनी माझ्याकडे मालासादाची रीत मागितली, मी सांगितली, लिंबाची साल सोडून. (माफी वेगळी, रीत वेगळी.) हॅस्केल आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, सबंध सत्रात ही मुलगी बोलली नव्हती, तुम्ही रोज येऊ शकाल का? मी म्हटलं, सोमवारपासून येते, बसची वेळ बघावी लागेल. "ते गंमत करताहेत, आजी," ओदिलिया दातांतून म्हणाली, आणि कोपऱ्यावर वळताच, "या फाटकात परत पाऊल टाकलंस तर मी नाव बदलून घेईन." बसथांब्यापर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, गेली, परत मुकी झाली. मग बस दिसायला लागली तेव्हा ती खांबाला टेकली, म्हणाली, "प्रार्थना, आजी?" आणि हसायला लागली ती बसचा दरवाजा बंद झाला तरी खांब धरून हसतच होती. मी खिडकीतून तिला हाताने सांगत होते की मफलर बांध. ती मानेनं नाही म्हणत होती.

तर असं झालं. होडीत चूक नव्हती, हे वाक्य तुला कळावं म्हणून लिहिलं आहे. ते नातीचं आहे. माझं मत आहे तिथेच आहे. पण नव्वद लोकांत बहुमत गिल्बर्तोच्या बाजूनं पडलं, तेव्हा त्याच्या फोटोला सांगायचं असेल तर सांग. कॅनरीला माझा पापा, तुला नमस्कार, थंडीत बाहेर पडू नकोस, पडलीस तर पडू नकोस.

तुझी धाकटी,
देओलिंदा

ता. क. त्या दिवशी माझा चष्मा त्या खोलीत राहिला. ओदिलिया म्हणते मी आणते, तू येऊ नकोस. म्हणून हे पत्र सेराफिमच्या चष्म्यानं लिहिलंय, ओळी एकावर एक चढल्या असतील तर तो दोष त्याचा.

ता. क. दुसरा. खरं तर यासाठीच लिहायला बसले होते. वसंतात पुन्हा घरच्यांचा शुक्रवार आहे, नवा विषय, नवा मास्तर, आणि मला भीती आहे की तिथे पोरगी पुन्हा वाक्य जुळवत बसेल. मी पाहून ठेवलंय, तिचं तोंड एकाच गोष्टीनं उघडतं, घरचं माणूस चारचौघांत चुकीचं बोललं की. मला तिनं बंदी केली आहे. तुला केलेली नाही. टोरांटोहून ये, माझ्याकडे राहा, वरच्या रांगेत बस, आणि शांतता झाली की तुझं मत दे. कशावरही दे. चुकून बरोबर निघेल अशी धास्ती बाळगू नकोस, मी तुला जन्मापासून ओळखते. फक्त शेजारी कोण बसलंय ते आधी विचारून घे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिचा फोन आला. आज हॅस्केलच्या तासाला बोलली. घरचं कोणी नव्हतं तरी बोलली. मी विचारलं, कसं जमलं? तर म्हणते, एक उंच मुलगा आहे, नदीत होड्या वल्हवतो, फार छान बोलतो, त्याच्यापुढे हिची बोबडी वळायची. आज तो बोलायला लागला तेव्हा हिनं मनातल्या मनात त्याच्या डोक्याला माझा काळा रुमाल बांधला. बांधला आणि हात वर गेला. आता म्हणे ज्याला त्याला बांधणार आहे, पहिल्या रांगेपासून. म्हणजे मी आता त्या वर्गात कायमची बसले, नव्वद ठिकाणी, आणि नव्वदही ठिकाणी माझं चुकतंय.

तेव्हा तुझ्या येण्याची गरज उरली नाही. तरी ये. फोन ठेवता ठेवता तिनं माझं सूपही चुकतंय म्हणून सांगितलं, नुसतं उकळल्याच्या आवाजावरून, आणि नाताळाला ती तीन आठवडे इथे असणार आहे. मी काहीही बोलले तरी मान डोलावणारं एक माणूस मला घरात हवं आहे. कानातलं मशीन तिकडेच ठेवून ये.